झडतीचं सोडून

“आधी गुन्हा सांग, मग सुधारणा. झडतीचं नको, विषय भरकटतो,” संस्थेच्या मॅडम कानात म्हणाल्या आणि माइक माझ्या हातात दिला.

खंडाळ्यातल्या हॉटेलचा हॉल. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा वार्षिक सोहळा. पाहुण्यांची ओळख करून देण्यात माझ्या सुनावणीपेक्षा जास्त वेळ गेला होता. मी तेव्हा सतरा वर्षांची. सांगितलं, बंगल्याच्या मालकिणीच्या डोक्यात तवा घातला. टाके पडले. आता मी बदलले आहे. टाळ्या. मग रिवाजाप्रमाणे पाहुण्यांच्या पाया पडले. सगळ्यांच्या.

त्या बंगल्यात आई भांडी घासायची, मी मदतीला जायचे. मुलाचे इअरबड्स सापडेनात, म्हणून मालकिणीनं माळी आणि ड्रायव्हरसमोर, माझ्यादेखत, आईला साडीचा ओचा सोडायला लावला. इअरबड्स नंतर गाडीत मिळाले.

हेच गाळायचं होतं. मी गाळलं. आई मागच्या रांगेत बसली होती.

वलवणला घरी परतताना ती म्हणाली, “झडतीचं का न्हाई सांगितलंस गं? आता समद्यांना वाटंल, तू उगाच मारलंस.”

काही वर्षांनी आई गेली. प्रश्न गेला नाही. भांडी घासायला बसले की पाठीमागून येतो.

बदलले, हे खरं. संस्थेची एक ताई दर आठवड्याला घरी यायची. आम्हा मायलेकींना समोरासमोर बसवायची, राग आला की काय करायचं त्याचा सराव घ्यायची. हातातली वस्तू आधी खाली ठेव, मग बोल. कंटाळवाणं काम. त्याचा फोटो निघत नाही. पुढे या विषयावरचं पुष्कळ वाचलं. अशा कामाचा उपयोग होतो, हे अभ्यासांत सापडलं. पाया पडण्याचा उपयोग कुठंच सापडला नाही.

आता मी त्याच संस्थेत ताईचं काम करते. परवा मॅडमनी बोलावलं. विषय, बेगडेवाडीची पंधरा वर्षांची मुलगी.

“यंदाच्या सोहळ्यासाठी तिला तयार कर. तुझ्यासारखी छान बोलेल.”

“तिची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे.”

“अगं, सगळी आपलीच माणसं. तूही बोललीसच की. काय वाईट झालं तुझं?”

हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवला.

“ती स्टेजवर येणार नाही, मॅडम. यापुढे कुणीच नाही. आणलंत, तर बाल न्याय मंडळाकडे माझ्या सहीची तक्रार जाईल.”

“नोकरीचा विचार केलास?”

“केला. काढलंत तर जाईन. पण माझ्या हातून कुणाची झडती होणार नाही.”