‘सोबत’ हे पुस्तकांचं दुकान होतं

सकाळी अशोकचा फोन आला. “ताई, दिगू गेला,” एवढंच म्हणाला. दिगू म्हणजे दिगंबर, ‘सोबत’चा मालक. मी चाळीसगावहून मिळेल त्या गाडीने जळगावला पोहोचले तेव्हा दिगंबरचा मृतदेह दवाखान्यातून निघालाही होता. धुळ्याकडच्या गावाहून त्याचे थोरले भाऊ आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. रक्ताचं नातं म्हणून कागदावर सही त्यांची, आणि रुग्णवाहिकेत जागाही त्यांचीच. अशोक आपल्या मोटरसायकलवरून मागे मागे गेला. स्मशानात पाणी पाजायला तो पुढे झाला, तसं आबांनी विचारलं, “तू कोन लागस त्याना?” वीसेक वर्षं एका घरात राहिलेला माणूस काय लागतो? अशोक म्हणाला, “दुकानात कामाला होतो.” आणि मागे सरकला…

पुढच्याच आठवड्यात जळगावात शोकसभा झाली. दिगंबरला हयातीत कधी व्यासपीठावर न बोलावणाऱ्या मंडळींनी त्याच्या फोटोला हार घातला. ‘आजन्म अविवाहित राहून ग्रंथसेवेला वाहून घेतलेले’ असं एक वक्ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तेच छापूनही आलं. शेवटच्या रांगेत अशोक बसला होता. कोणती पुस्तकं विकली म्हणून दिगंबर आम्हाला एवढा मोलाचा होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. ‘सोबत’ हे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या पुस्तकांचं दुकान होतं, आणि ते जळगावात होतं. मुंबई-पुण्यात नव्हे.

बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नसे. दर्शनी भागात शाळेची पुस्तकं, गाइडं, वह्या, कंपासपेट्या. आतल्या खोलीत एक पंखा, दोन खुर्च्या आणि तीन भिंतींना लागून ती पुस्तकं. जून-जुलैत गाइडांवर जे मिळे, त्यावर आतली खोली वर्षभर चाले. मी तेव्हा नोकरीसाठी चाळीसगावहून रोज जळगावला ये-जा करायची. एकदा भाच्यासाठी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घ्यायला गेले होते आणि नजर सारखी आतल्या खोलीतल्या पुस्तकांकडे जात होती. दिगंबरने ते पाहिलं असणार. पुस्तक कागदात गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “आत पंखा आहे. बसा थोडं. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही.” त्या दुपारी त्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखी बाई मराठीत छापलेली वाचली. तोवर अशी बाई मी एकटीच, असं मला वाटत असे.

कायदा तेव्हा आमच्या बाजूचा नव्हता. एकदा दुकानाच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. दिगंबरने रॉकेलने पाटी पुसली आणि संध्याकाळपर्यंत दुकान उघडलंदेखील. घरमालकाने ‘आतली खोली बंद करा, गाइडं विका’ असा निरोप धाडला, तेव्हा त्याने भाडं वाढवून दिलं. पण खोली बंद केली नाही. पुढे कायदा बदलला. आम्हाला वाटलं, आता गर्दी होईल. कसली गर्दी! लोक पूर्वीसारखेच दुकानासमोरून दोनदा जात आणि तिसऱ्यांदा आत येत.

विकल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची दिगंबर नोंद ठेवी. मागवलेल्या पार्सलांच्या पावत्या, प्रकाशकांची पत्रं, बिलबुकं, सगळं वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांत बांधलेलं. बिलावर गिऱ्हाइकाच्या नावापुढे मात्र एकच शब्द असे, ‘वाचक’. मी एकदा चिडून म्हटलं, “नावच लिहायचं नाही, तर एवढं जपतोस कशाला?”

“नाव लिहिलं तर कुणाच्या तरी घरात आग लागेल,” तो म्हणाला. “आणि काहीच लिहिलं नाही तर उद्या लोक म्हणतील, जळगावात असं काही नव्हतंच. त्यांना बिलबुक दाखवायचं.”

दाखवायला ते उरलं नाही. तेरावं झालं आणि आबा टेम्पो घेऊन आले. गाइडं दुसऱ्या दुकानदाराने उचलली. आतल्या खोलीत आबा बराच वेळ एकटे उभे होते. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रडून की रागाने, सांगता येणार नाही. “इतली घान मना भाऊना दुकानमा?” एवढंच बोलले. मी हात जोडले. म्हटलं, “आबा, पुस्तकं विका हवी तर, पण ते जुने कागद मला द्या. तुम्हाला त्यांचा काय उपयोग?”

“उद्या पेपरमा छापी दिशात. मनी पोरनं लगीन करानं शे आजून.”

त्यांची भीती खोटी नव्हती. त्या मुलीच्या सोयरिकीत हे आडवं आलं असतंच. पण त्या भीतीपोटी एका माणसाचं सगळं आयुष्य रद्दीत गेलं. पुस्तकं, पावत्या, पत्रं, सगळं. अशोक नशिराबादच्या भंगारवाल्यापर्यंत जाऊन आला. माल पुठ्ठ्याच्या कारखान्यात पोहोचलाही होता. आता एका विद्यापीठातून एका संशोधक बाईंचा फोन येतो. या दुकानाचा इतिहास महत्त्वाचा आहे म्हणे, दस्तऐवज मिळतील का? मी त्यांना म्हटलं, तुम्ही दिगंबर असताना का नाही आलात? दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा अशोककडे गेले होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. करार दिगंबरच्या नावावर होता, त्यामुळे घरमालकीण ‘कधी सोडताय’ म्हणून विचारून गेली होती. अशोकने कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. जेवताना मी विषय काढला, जरा मोठ्यानेच. “दिगूला तू आवडायचास रे, म्हणून तर तो एवढं सगळं…” त्याने घाईने हाताने थांबवलं. शेजारच्या भिंतीकडे बघितलं. दिगूची सवय होती ती. या घरात दोघांमधलं काही बोलायचं म्हणजे आधी टीव्ही लावायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं दोघांनी बातम्यांच्या आणि जाहिरातींच्या गोंगाटाखाली संसार केला.

अशोक ताटावरून उठला. टीव्ही लावला, आवाज वाढवला. आणि मग, दिगू गेल्यापासून पहिल्यांदाच, त्याचं नाव घेऊन रडला.