खंडेनवमीचा धूप

कोऱ्या फिल्टरमधून कार्बन निघाला तेव्हा आधी मी यंत्राला शिव्या घातल्या. नंतर पाण्याला. स्वतःकडे यायला मला जरा वेळच लागतो.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. मंडईपासून जवळच आमचं कॉलेज. त्याच्या गच्चीवर एक पंप दिवसभर शहराची हवा ओढतो आणि हवेतली बारीक धूळ तळहातात मावेल एवढ्या पांढऱ्या गोल फिल्टरवर बसते. तो फिल्टर शुद्ध पाण्यात घालून हलवायचा आणि धुळीतला किती सेंद्रिय कार्बन पाण्यात उतरला ते मोजायचं. पालापाचोळा, लाकूड, कचरा जाळला की असा विरघळणारा कार्बन भरपूर येतो. विरघळतो म्हणूनच त्याची भीती, कारण छातीतही ओलावाच असतो. चाळिशीत पीएच.डी. करायला निघालेल्या बाईने हे घरी समजावायचं म्हणजे नाकी नऊ येतात. दिवाळीच्या पहाटे मी धायरीहून स्कूटर काढली की सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सूनबाई धूर गोळा करायला निघाल्या." फराळ त्याच करत होत्या, म्हणून मी ऐकून घ्यायचे.

ती दिवाळी हातची जाऊन चालणारच नव्हतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दिवाळीच्या हवेवर होतं आणि माझे गाईड मार्चमध्ये निवृत्त होणार होते.

मोजणी करताना त्याच खेपेतला, पंपावर न लावलेला एक कोरा फिल्टरही तपासतात. त्यात जवळजवळ काही निघता कामा नये. त्यासाठीच नवे फिल्टर आधी भट्टीत तासन्‌तास भाजतो, म्हणजे त्यांच्यावर असेल-नसेल तो कार्बन जळून जातो. माझ्या कोऱ्या फिल्टरचा आकडा मात्र चांगलाच वर गेला होता. मी पाणी बदललं, बाटल्या पुन्हा धुतल्या, दुसरा कोरा घेतला. तोही खराब, पण आकडा वेगळा. तिसऱ्याचा आणखी वेगळा. सगळे सारखेच खराब असते तर तेवढं वजा करून मोकळी झाले असते. इथे कुठल्या फिल्टरवर काय आणि किती बसलंय याचा पत्ताच नव्हता.

घरी जेवण जाईना. जो भेटेल त्याच्यावर मी खेकसत होते. शेवटी कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जुने फोटो चाळताना खंडेनवमीचा फोटो दिसला. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि त्यांना कामासाठी कोणी हात लावत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी दिवाळीचे फिल्टर भाजून मी भट्टीतच निवायला ठेवले होते. दसरा झाला की फॉइलमध्ये गुंडाळायचे, असा बेत. पूजेच्या वेळी मी बाहेर पेढ्यांचे बॉक्स उघडत होते. फोटोत सर, म्हणजे माझे गाईड, हातात धुपाटणं घेऊन भट्टीपुढे उभे होते. भट्टीचं दार सताड उघडं, आणि आत धुरामागे माझे पांढरे फिल्टर.

सर तोंडाने तिखट. लिहिलेलं प्रकरण "हे कोणी वाचावं अशी अपेक्षा आहे?" असं विचारून परत करणारे. त्यांना त्यांच्याच हातून झालेलं दाखवायचं म्हणून मी दोनदा त्यांच्या दारातून परत फिरले. आणि खरं सांगते, त्यांनी "सरासरी काढा आणि पुढे चला" म्हणावं, असंच मला मनातून वाटत होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर सारून फोटो बराच वेळ पाहिला.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "वर्षभर आग खाते बिचारी, म्हटलं तिलाही जरा सुवास मिळू दे. आत काही असेल असं डोक्यातच आलं नाही."

"पूजेच्या दिवशी भट्टी कोण उघडणार, असं मला वाटलं, सर."

"बरोबर आहे. कोण उघडणार."

मी हळूच विचारलं, "सरासरी काढून वजा केली तर?"

"अहो, कशातून काय वजा करणार? फिल्टरवरचा धूर पुण्याचा किती आणि माझा किती, हे सांगता येईल तुम्हाला?"

"नाही."

"मग ते प्रकरण गेलं."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. मार्चच्या आत दुसरी दिवाळी कुठून आणायची? सरांनी फोन उचलला. शेजारच्या विभागात एक प्राध्यापक होते. त्यांच्याशी सरांचं हाडवैर, इतकं की ते जिन्यात समोर आले तर सर माघारी वळायचे. सरांनी त्यांनाच फोन लावला.

"नमस्कार. एक विनंती होती." सरांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. "माझी शेवटची विद्यार्थिनी आहे. तिचे नमुने माझ्यामुळे वाया गेले. पुढच्या दिवाळीला मी इथे नसेन. तिला तुमच्याकडे घ्याल का?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. सर टेबलाकडे बघत ऐकत राहिले.

"हो," ते शेवटी म्हणाले. "गाईड म्हणून नाव तुमचंच लागेल. माझं नको."