पाठीखालचा खडा

तोरणमाळच्या पायथ्याशी, नदीकाठच्या जंगलात तंबू टाकायची एक छोटी जागा आहे. तिथले राखणदार चाचा शहाद्याचे. आयुष्यभर लग्नाचे मांडव ठोकलेला माणूस, त्यामुळे तंबूला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी नुसती खुंटी उचलली तरी म्हणतात, "ऱ्हाऊ दे भाऊ, ते तुन्हं काम नही."

तंबू ठोकण्याआधी चाचा टोपी काढून छातीवर ठेवतात आणि त्या जमिनीवर चक्क आडवे होतात. डोळे मिटून या कुशीवरून त्या कुशीवर. पाठीला टोचेल तो खडा उकरून नदीत फेकतात. मगच पहिली खुंटी.

गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली होती. त्यांनी नुसता पाय फिरवून जागा पसंत केली, आणि नेमका माझ्या बायकोच्या पाठीखाली खडा निघाला. "तुमचं जंगल तुम्हालाच लखलाभ," म्हणत यंदा ती आलीच नाही.

"भाभी कोठे शे?" चाचांनी विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं.

त्यांनी टोपी काढली. गेल्या वर्षीच्या जागेवर जाऊन आडवे झाले, बराच वेळ चाचपडले आणि बोराएवढा एक खडा उकरून काढला. हा मात्र नदीत फेकला नाही. रुमालाने पुसून माझ्या हातात दिला.

"भाभीले दाखाडजो. सांगजो, चाचानी चूक व्हती."

घरी बायकोने तो खडा तळहातावर फिरवून पाहिला. मग म्हणाली, "त्यांची कंबर कशी आहे आता?"