पूर्व भागातले चुनावाले

पुणे सोडताना पहाटेच्या गारव्यात मी पदर कानांवर ओढून बसले होते. कुर्डूवाडी मागे पडली तेव्हा तो खांद्यावर उतरला, आणि मोहोळच्या पुढे खिडकीची दांडी हाताला चटका देऊ लागली. चैत्र नुकता लागला होता. मी दापोलीची, आमचा उन्हाळा घामाने भिजवतो. इथला मात्र कोरडाठाक, जीभ टाळ्याला चिकटवणारा.

मी सुमंगलाला भेटायला चालले होते. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. मग ती लग्न होऊन सोलापूरला गेली, शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागली, आणि आमची मैत्री फोनपुरती उरली. अलीकडे तिच्या बोलण्यात एकच विषय असायचा. उन्हाळा तापायच्या आत ती आणि गावातली काही माणसं पत्र्याच्या घरांवर चढून छपरांना पांढरा चुना लावतात. ऊन वरच्या वर परतून जातं, खाली घर जरा सुसह्य होतं. दरवर्षी उन्हाळा आणखी तापतोय, तर आपल्या हाताने होईल ते करावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पगार कुणालाच नाही. संस्थेच्या नावाची पाटीही नाही. लोक त्यांना चुनावाले म्हणतात.

फलाटावर ती दिसली. केस पांढरे झाले होते. जवळ गेल्यावर कळलं, निम्मे चुन्याने.

"ऊट आय्ता?" (जेवण झालं का?) तिने अक्कलकोटच्या तिच्या माहेरच्या कानडीत विचारलं. खोलीवर रोज विचारायची, अगदी त्याच सुरात. मी तिच्या केसांतला चुना झटकला.

बाहेर बशीरभाई रिक्षा घेऊन उभे होते. पायाशी चुन्याची पोती, त्यांवर पाय ठेवून आम्ही बसलो. "आरामात बसा, ताई," ते म्हणाले. "या गावात सगळे एकमेकांना चुना लावतात. आमी तेवढा सांगून लावतो!"

सुमंगलाच्या घरी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाल्लं, आणि लगेच निघालो. पूर्व भागात शिरताच यंत्रमागांचा खडखडाट कानांवर आला. त्या गल्ल्यांतून घराघरांत तेलुगू बोलतात. त्या दिवशीचं छप्पर नरसम्माचं होतं; तिचं घर म्हणजे पत्र्याखालची एक खोली. नवरा मागावर जातो, ती उंबऱ्याशी बसून विड्या वळते.

दुपारी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी मागे सरले. तव्यावरून वाफ यावी तशी धग वरून उतरत होती. खोलीच्या मधोमध मात्र आढ्याला जुन्या साडीची झोळी टांगलेली होती, रिकामी.

"पोरगी पोटुशी हाय," नरसम्मा म्हणाली. "पद्मा. भिवंडीला दिली. पयलं बाळंतपण, माहेरी व्हायला पायजे की. पण सासू न्हाय म्हणती."

"का?"

"त्यांची चूक न्हाय हो. गेल्या उन्हाळ्यात पद्मा आली, ती अंगभर घामोळं घिऊन गेली. सासू म्हणती, तान्हं बिड्डा (लेकरू) त्या भट्टीत कशाला न्यायचं?" तिने वर पत्र्याकडे बघितलं. "घर थंड झालं की मी फोन करनार हाय."

सुमंगलाने चुना, पाणी आणि डिंक कालवला. बशीरभाई आणि ती वर चढले, मी खालून बादल्या देत होते. ऊन कलेपर्यंत सगळं छप्पर पांढरं झालं. आणि चहाचा कप हातात घेतला, तोच वारा सुटला. बघता बघता आभाळ काळवंडलं आणि अवकाळी पावसाची जोरदार सर आली. पन्हळीतून दुधासारखं पाणी गल्लीत वाहू लागलं. नरसम्मा दारात उभी राहून ते बघत होती.  मी सुमंगलाकडे पाहिलं. तिने फक्त पदर कमरेला खोचला. "उद्या परत," ती म्हणाली.

सकाळी आम्ही परत गेलो. या वेळी मीही छपरावर चढले. बशीरभाईंना विचारलं, "धंदा सोडून तुम्ही यात कसे आलात?"

ब्रश न थांबवता ते बोलले. "माझी बायको, रशिदा, अशाच पत्र्याखाली गेली, ताई. लई तापली होती दुपार. मी रिक्षावर होतो. दवाखान्यात नेली, पर उशीर झाला. नंतर सुमंगलाताई आमच्या गल्लीत चुना घेऊन आल्या." त्यांनी ब्रश परत बादलीत बुडवला. "आता माझं घर थंड आहे. आत गेलो की वाटतं, हाक मारावी तिला. बघ म्हणावं."

मी पत्र्याकडे बघत चुना ओढत राहिले.

चुना नीट वाळला. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, नरसम्मा खाटेवर उभी राहिली आणि तिने तळहात वर पत्र्याला टेकवला. आधी एक बोट, मग सगळा पंजा. "चल्लगा!" (गार!) ती ओरडली, आणि तशीच उभ्या उभ्या भिवंडीला फोन लावला. तेलुगूतलं बोलणं मला कळलं नाही. तिचा आवाज आधी चढला, मग हळूहळू खाली आला. फोन ठेवून ती म्हणाली, "सासू इचार करते म्हणली."

निघताना सुमंगला स्टेशनवर सोडायला आली.  "रहा की अजून," ती एकदा म्हणाली. घरी माणसं वाट बघत होती. मी नाही म्हणाले. गाडी हलली. खिडकीतून गावाची छपरं मागे जाऊ लागली, राखाडी, गंजकी, मधूनच एखादं पांढरं. मी पांढरी तेवढी शोधत होते. पुण्याच्या दिशेने, घराकडेच चालले होते, तरी वाटत होतं, घरापासून दूर चालले आहे. ज्या कामात आपलं माणूस गुंतलंय त्या कामात आपणही असावं, ही ओढ मला या वयात पहिल्यांदाच इतकी जाणवली.

दापोलीत वैशाख संपत आला तेव्हा सुमंगलाचा फोन आला. पद्मा आली नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं; मुलगी भिवंडीलाच झाली. पण नरसम्माच्या झोळीत दुपारी गल्लीतली तान्ही मुलं आळीपाळीने झोपतात. आया आणून ठेवतात, ती विड्या वळता वळता पायाने झोका देते.

"थांब, तिलाच फोन देते," सुमंगला म्हणाली.

"पद्माला न् तिच्या पोरीला थंडीत बोलवत न्हाय मी," नरसम्मा सांगू लागली. "थंडीत कोन बी येतं. पुढच्या चैत्रात या म्हनलं, ऐन उन्हात. चुना मी आताच आनून ठेवला." मागे कुणाचं तरी बाळ कुरकुरलं, तिने त्याला तेलुगूत चुचकारलं आणि परत फोनवर आली. "तोवर रांगत असंल की हो ती?"