मिस्त्रींचा कान

मिस्त्रींबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी त्यांचा विषय काढला की मी पाऊसपाण्यावर जायचो. आज मात्र सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलोय. म्हणून आधी एवढं सांगतो, की कुपवाडच्या सगळ्या कारखान्यांत मिळून आमच्या मिस्त्रींइतका विक्षिप्त माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका शहाणाही नाही. आमचा कारखाना शेतीच्या पंपांचा. मी साताऱ्याहून आलेला सुपरवायझर आणि ते जुळणी खात्याचे मुख्य मिस्त्री.

त्यांचं घराणं मिरजेचं, पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवणारं. हे एकटेच लोखंडात शिरले, पण येताना कान घरचाच घेऊन आले. चालत्या पंपाला लाकडी दांडकं टेकवायचे, दांडक्याचं दुसरं टोक कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि डॉक्टरसारखे निदान सांगायचे, "ह्याला सर्दी हाय. खोला." खोलल्यावर आत खरंच काहीतरी निघायचं. वाजवून बघितल्याशिवाय त्यांना कशाचीच खात्री पटत नसे. बाजारातलं कलिंगड, माझं हेल्मेट, कँटीनची ताटं, सगळ्यांवर त्यांचं बोट वाजायचं. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा आम्ही पेढे खात होतो आणि हे दरवाजावर टिचकी मारून म्हणाले, "रंग झ्याक हाय साहेब, पत्रा पातळ हाय." मालकांनी पेढ्याचा पुडा मिटला.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे टेबलं. एका गावची दोन माणसं एका टेबलावर बसवणं त्यांना सगोत्र लग्नाइतकं निषिद्ध वाटे. नवा माणूस आला की ते लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी चौकशी करायचे, गाव कुठलं, घरी बोलता काय, आणि जे अजिबात जुळत नाही तिथे नेऊन बसवायचे. त्यांच्या लाडक्या टेबलावर तीन जण होते. एक अथणीकडचा कानडी टर्नर, एक फलटणचा, फौजेतून निवृत्त झालेला ऊसवाला फिटर आणि एक ओडिशाचा समुद्रकाठचा वेल्डर. तिघांत मिळून एक धड भाषा नव्हती. दिवसभर भांडण चाले. "आवं मिस्त्री, ह्या कानड्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं," असं फिटर ओरडायचा, टर्नर शांतपणे "इल्ला, इल्ला" म्हणत मान हलवायचा, आणि मिस्त्री लांबून खुशीत हसायचे. मी एकदा वैतागून विचारलं, ही खिचडी कशाला? तेव्हा म्हणाले, "गाववाल्याला अर्धं सांगितलं तरी तो मान डोलावतो, साहेब. परक्याला पुरं सांगाय लागतं. आन् पुरं सांगताना आपलीच चूक आपल्याला दिसती."

मला ते पटलं नव्हतं, पण एक दिवस डोळ्यांनी बघितलं. फिटर सांगत होता की विहिरीत उसाचं पाचट पडतं, ते पंपाच्या जाळीला चिकटतं आणि पाणी बंद होतं. टर्नरला पाचट म्हणजे काय तेच कळेना. फिटरने खडूने जमिनीवर विहीर काढली, हातवारे केले, शेवटी स्वतः पाचट होऊन जाळीला चिकटून दाखवलं. वेल्डर हसून लोळला. मग त्याने तारेचा तुकडा वळवून त्यांच्याकडे मासे धरायला वापरतात तसली निमुळती टोपली केली आणि विचारलं, "ऐसा हो तो कचरा फिसल जाएगा ना?" टर्नरने ती हातात घेऊन फिरवली, मापं काढली. दोन आठवड्यांत आमची नवी जाळी तयार झाली. तिच्यावर पाचट टिकेना. आमचे पंप त्या जाळीमुळे ओळखले जाऊ लागले.

एवढं बघूनही मी पुढे ती टेबलं मोडली. मागणी वाढली होती आणि मला भांडणात जाणारा वेळ दिसत होता. मिस्त्री रजेवर असताना मी मराठी माणसं एका टेबलावर, कानडी एका, उत्तरेकडची एका अशी वाटणी केली. काम खरंच झपाट्याने होऊ लागलं. कारखाना शांत झाला. मिस्त्री परत आले, त्यांनी त्या शांततेकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये बरं न्हाई."

त्याच महिन्यात पंपातलं पाणी अडवणाऱ्या सीलचं माप बदललं. टर्नरच्या कानडी टेबलावर ते सगळ्यांना कळलं. पंप जोडणाऱ्या मराठी टेबलाला कुणी सांगितलंच नाही, कारण आता कुणी कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. जुन्याच मापाने पंप तयार झाले. मिस्त्रींनी दांडकं लावलं आणि माझ्याकडे आले. "आत काहीतरी घासतंय, साहेब. माल थांबवा." बाहेर ट्रक उभा होता. मी म्हणालो, "मीटरवर सगळं ठीक आहे. मिस्त्री, वय झालं तुमचं." त्यांनी पुन्हा दांडकं लावलं, पुन्हा ऐकलं, आणि पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले.

आठवड्याभरात पंप गळू लागले आणि माल परत आला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मिस्त्रींनी ऐकलं नव्हतं का?" मी म्हणालो, "ऐकलं होतं, पण त्यांना काही कळलं नाही." बाहेर येऊन मिस्त्रींना सांगितलं, "पंप चांगलेच होते. ट्रकमध्ये आपटून फुटले." एकाच दुपारी मी एका माणसाला दोन्ही बाजूंनी खोटा पाडला. पुढच्या महिन्यात ते आपणहून काम सोडून गेले. त्यानंतर मी टेबलं गुपचूप पुन्हा मिसळली, माल सुधारला, आणि मालकांनी माझ्या या 'नव्या पद्धती'बद्दल मला शाल दिली. मी ती घेतली.

निवृत्त झाल्यावर एकदाच मिरजेला त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. त्यांचा धाकटा भाऊ ओसरीवर नवा तंबोरा लावत होता. त्याने तार छेडली आणि विचारलं, "भाईजान, जरा बघा की." त्या घरातून एकही तंबोरा मिस्त्रींनी ऐकल्याशिवाय बाहेर जात नसे, हे मला ठाऊक होतं. मिस्त्रींनी मान हलवली. "माझा कान आता खोटं सांगतो रं. नगं." मग माझ्याकडे वळून, हात जोडून म्हणाले, "साहेबांनी वेळेवर सांगितलं म्हणून अब्रू राहिली. न्हाईतर चांगला माल अडवून बसलो असतो." मी चहा प्यालो. मुलाबाळांची चौकशी केली. पुन्हा येतो म्हणालो आणि स्टेशनवर आलो.

परत गेलो नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

मिस्त्री, त्या पंपांत घासत होतं. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. तुमचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, खोटं मी बोललो होतो. मला माफ करा.