ज्यानं जोडलं त्यानं बसायचं

आमचा मिस्त्री वारला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो नाही. मेल्यावर वैर संपतं म्हणतात. संपत असेल लोकांचं.

साठीच्या दशकाच्या शेवटी मी सोनेगावच्या विमानतळावर, लष्कराच्या टेहळणी विमानांच्या दुरुस्ती शेडमध्ये रोजंदारीवर हेल्पर होतो. आधी विलायती ऑस्टर विमान होतं, मग देशी कृषक आलं. सत्तरीत हेलिकॉप्टर आली आणि दोन्ही इतिहासजमा झाली. पण आमच्या दिवसांत त्यांचा थाट होता. हलकं अंग, त्यावर कापड मढवलेलं, हत्यार एकही नाही. शत्रूच्या डोक्यावर सावकाश घिरट्या घालायच्या आणि तोफेचा गोळा कुठं पडला ते वायरलेसवरून आपल्या तोफखान्याला कळवायचं, एवढंच काम. ओबडधोबड शेतातही उतरायचं, त्यामुळे कापड कायम फाटलेलं.

ते काढून नवं शिवायचं आणि उग्र वासाचं रोगण चढवून ढोलकीसारखं ताणायचं, हे मी करायचो. मिस्त्री खुर्चीत बसून सुपारी कातरायचा. साहेब आले की उठायचा, पंखावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "हे मी केलं." माझ्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, हे त्याला खुपत होतं. "तुमच्या लोकाईचा हात लागला हे साहेबाले कायले सांगायचं?" असं तो हसत हसत म्हणे. साहेबांपुढे एकदा जरी माझं नाव निघालं असतं, तर मी पक्का फिटर झालो असतो. ते त्यानं निघू दिलं नाही. मी दात-ओठ खात वाट पाहिली.

मग नवा कॅप्टन आला. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणासाठी त्याचा एकच नियम होता, "जिसने जोड़ा, वही साथ बैठेगा." ऐकून मला गुदगुल्या झाल्या. मिस्त्रीला साध्या शिडीवर घेरी यायची.

त्या आठवड्यात एका कृषकचा अख्खा डावा पंख मी नव्यानं मढवला होता. कॅप्टननं इंजिन सुरू करून विचारलं, कोणी केलं? सवयीनं मिस्त्री म्हणाला, "मी."

"चलो, बैठो."

 मिस्त्रीनं मला बाजूला ओढलं. "तू बस ना गा. मले बीपी हाय."

"काम तुमचं हाय मिस्त्री, मी काहून बसू?"

"तूच केलं ना गा!"

"हे मले नका सांगू. साहेबाले सांगा."

तो जाऊन पुटपुटला. इंजिनाच्या आवाजात कॅप्टनला काही ऐकू जाईना. परत बोलला, तरी नाही. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडला, "मैंने नहीं किया साब! आज तक सब इसने किया!"

अख्ख्या शेडनं ऐकलं. महिनाभरात मी पक्का झालो, ते नंतरचं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं शहाणे सांगतात. मला मिळालं, पोटभर मिळालं.

मी मिस्त्रीच्या समोरून विमानात चढून बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच हवेत होतो. कॅप्टननं मान वळवून ओरडून विचारलं, कन्हानकडे जायचं का, वरून नदी छान दिसते. खाली शेडच्या दारात मिस्त्री मान खाली घालून उभा होता आणि त्याच्याभोवती माणसं जमली होती.

मीही ओरडूनच म्हटलं, "नदी नको साहेब. शेडवरून अजून एक चक्कर घ्या. जरा खालून."