काजूचा डाग

मला सगळं कळतं, असा माझा लहानपणापासूनचा तोरा. लग्न होऊन मुंबईला गेले तशी त्यात भरच पडली. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून आचऱ्याला माहेरी यायचं ते मे महिन्यात, काजू भाजायच्या दिवसांत. वडील नव्हते. आई एकटी पावसाळा सोडून वर्षभर वाळूवर मासळी सुकवायची, कावळे हाकत दिवस दिवस उन्हात बसायची. मी आले की माझ्या मुलांसाठी परसात जुन्या पत्र्यावर काजू भाजायची. सालीतलं तेल तडतडून अंगावर उडतं, कातडी काळी पडते आणि पंधरा दिवसांत पापुद्रा निघून जातो. आमच्याकडच्या बायकांच्या हातातोंडावर असे डाग असायचेच. कोणी त्यांच्याकडे बघत नसे.

एका मे महिन्यात आईच्या डाव्या गालावर मसुराएवढा डाग दिसला.

"तोंड भाजून घेतलंस मां?" उंबऱ्यातच मी सुरू झाले. ती नुसती हसली.

पुढच्या वर्षी तो चिंचोक्याएवढा झाला होता, एका बाजूने वाकडातिकडा. मी पुन्हा तोंड सोडलं. ती हळूच म्हणाली, "गो, ह्यो त्योच डाग आसा, गेल्या वर्साचो. जाणा नाय."

"काजूचोच तो. खोबरेल लाव," मी म्हटलं आणि आंबे चिरायला बसले. तिसऱ्या वर्षी तिने विषयच काढला नाही. मला तर ते बरंच वाटलं.

त्याच साली चतुर्थीलाही यायचं ठरलं. बोट नाही, म्हणून कोल्हापूरवरून एसटीने, कसालला गाडी बदलून भिजत घरी पोचलो. आई दारात आली. काजू संपून तीन महिने झाले होते आणि डाग गालावर होताच. मधे काळा, कडेला तपकिरी, वर एक गाठ उठलेली.

दुसऱ्या दिवशी मालवणला डॉक्टरकडे नेलं. त्याने डाग कधीपासूनचा ते आईला विचारलं, गाल पाहिला, मग मान चाचपली आणि तिथेच त्याची बोटं थांबली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "उन्हाने जून झालेल्या कातडीवर म्हातारपणी डाग येतातच, बहुतेक साधे असतात. पण जो वाढत जातो, ज्याची कड वाकडी होते, रंग बदलतो, तो लगेच दाखवायचा. सपाट होता तेव्हा भोवतालच्या चांगल्या कातडीसकट कापून काढला असता, तर बहुधा तेवढ्यावर निभावलं असतं. आता मानेत गाठ आलीय, म्हणजे कॅन्सर पसरला असावा. मुंबईला न्या."

मग तो आईकडे वळला. "तीन वर्षं अंगावर काढलंत? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "ह्यां चेडू माझां मुंबयक आसता, डाक्टरानूं. तेका काय म्हायत? तेना बघूकच नाय."

आणि पदराआड माझा हात घट्ट धरला. गप्प राहा म्हणून.

मुंबईत गाल कापला, मानेतल्या गाठी काढल्या. आई पुढचा मे महिना बघू शकली नाही. मी त्या दिवशी गप्प राहिले, याची लाज मला अजून वाटते. तीन वर्षं तो डाग मी पाहिला होता, आणि त्याला नावही मीच दिलं होतं.